हरले की घरी, मग तीन कशाला?

लेन्स्टर नावाची एक टीम आहे, आयर्लंडमधल्या डब्लिनची. रग्बी बघत नसाल तर नाव ऐकलं नसेल, काही बिघडत नाही. एवढंच लक्षात ठेवा की गेली काही वर्षं युरोपच्या चॅम्पियन्स कपवर पैसे लावायचे भाव निघाले की वरच्या एक-दोन नावांत लेन्स्टर असतंच, आणि मग काहीतरी होतं. २०२२ च्या फायनलला ला रोशेलने ७९व्या मिनिटाला ट्राय मारून, म्हणजे बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे जमिनीला टेकवून, २४-२१ ने हरवलं. २०२३ ला परत फायनल, परत तीच ला रोशेल, तीही डब्लिनमध्येच, पहिल्या पंधरा मिनिटांत लेन्स्टर १७-० ने पुढे आणि शेवटी २६-२७ ने खलास. २०२४ ला समोर टुलूझ, ऐंशी मिनिटं संपली तेव्हा १५-१५, मग एक्स्ट्रा टाइममध्ये २२-३१. २०२५ ला तर फायनल पण नाही, सेमीलाच, घरच्या गावात, नॉर्थॅम्प्टनकडून ३४-३७, आणि हे नॉर्थॅम्प्टन त्या सीझनला इंग्लंडच्या लीगमध्ये दहा टीममध्ये आठवं आलेलं. ही फक्त युरोपची गोष्ट झाली. त्यांची जी नेहमीची लीग आहे, यूआरसी, तिच्यात २०२२ ची सेमी बुल्सकडून २६-२७, २०२३ ची मन्स्टरकडून १५-१६, २०२४ ची परत बुल्सकडून २०-२५. २०२५ ला एकदाची ती लीग जिंकले, बुल्सलाच ३२-७ ने चेपून, तेव्हा आमच्या शिफ्टमध्ये दोघातिघांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

शिफ्ट म्हणजे आमचं काम काय ते सांगते, नाहीतर वाटेल कांजूरमार्गची बाई आणि आयरिश रग्बी, संबंध काय. लोअर परळला एक ऑफिस आहे, बाहेरच्या क्लायंटसाठी मॅचचे व्हिडिओ बघून डेटा भरतात. कोणी टॅकल केला, कुणाचा सुटला, रक किती सेकंदात मोकळा झाला, लाइनआउट कुणी जिंकला, किक किती मीटर गेली, प्रत्येकाला कोड. आधी फुटबॉल होतं, मग रग्बीला माणसं कमी पडली म्हणून मला तिकडे टाकलं, आणि खेळ अजिबात माहीत नसताना रोज रात्री रिवाइंड करकरून बघितला की तो असा काही अंगात भिनतो ना, की मैदानावर बसून बघणाऱ्यालाही तितका कळत नसेल. जॉइन झाल्या दिवशीच एका कागदावर सही घेतात, ज्या खेळाचं काम करता त्यावर पैसे लावायचे नाहीत. पण काही मॅचेसला स्क्रीनच्या बाजूला भाव पळत असतात, ते दिसायचे ते दिसतातच, डोळे काय मिटून घेणार. पैसे न लावता भाव बघायची सवय लागली ती तिथून. आता मला मॅचपेक्षा भाव कधी आणि का हलला हे बघायला जास्त मजा येते, हे घरी कोणाला सांगता येत नाही.

मामाला सोडून. मामा आमच्याकडे राहायला आला त्याला कारण त्याची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. ट्रान्झिट कॅम्पात जायचं नाही म्हणाला, झोप येत नाही, रात्री बारा वाजता माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचा. मिलमध्ये होता, ८२ च्या संपापर्यंत, आणि मिलवाल्या पोरांचं जे काही असायचं ते सगळं याचं होतं, म्हणजे भजन पण आणि मटका पण. रतन खत्रीच्या मटक्याचे ओपन-क्लोज त्याला अजून वर्षांसकट पाठ आहेत. संपानंतर मटका सुटला, रेस राहिली. थंडीत महालक्ष्मी सुरू झालं की लालबागहून चालत जायचा, हातात रेसचं पुस्तक, शर्टाच्या खिशात पेन्सिल. आई आजही त्याच्यावर त्यावरून चिडते, ती चिडण्याची तिची कारणं आहेत आणि ती खरी आहेत. पण आमच्या अख्ख्या नात्यात भाव म्हणजे काय हे नीट कळणारा माणूस हा एकच.

रग्बी त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं. मी मॅच लावून ठेवली होती जुनी, तीच २०२२ ची फायनल, मार्सेयची. लेन्स्टरला पेनल्टी मिळते, ते गोलपोस्टात किक मारतात, तीन पॉइंट. परत पेनल्टी, परत किक, परत तीन. अख्ख्या मॅचमध्ये २१ पॉइंट केले ते सगळे असे, सात पेनल्टी, ट्राय एकही नाही. समोरच्यांनी तीन ट्राय मारले. मामाने मधेच विचारलं, "ट्रायला किती?" म्हटलं पाच, वर कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची किक, बसलं तर दोन, म्हणजे सात. "आणि हे हरले तर घरी?" हो, फायनलच आहे ना मामा. "मग तीन-तीन कशाला घेत बसलेत? समोरचा सात-सात खातोय."

हा प्रश्न इतका सरळ आहे की त्याचं उत्तर द्यायला मला अर्धी रात्र लागली असती, आणि खरं म्हणजे प्लेऑफच्या, म्हणजे लीग संपल्यावरच्या हरले-की-घरी मॅचेसच्या, भावाचं सगळं दुखणं ह्याच प्रश्नात आहे.

बघा, लीग चालू असते तेव्हा रग्बीत जिंकण्याचे चार पॉइंट, ड्रॉचे दोन, पण वर बोनसची भानगड असते. इंग्लंडमध्ये आणि यूआरसीत चार ट्राय मारले की एक पॉइंट जास्त, हरलात पण सात किंवा कमी पॉइंटने हरलात तरी एक पॉइंट. फ्रान्समध्ये वेगळं, तिकडे समोरच्यापेक्षा तीन ट्राय जास्त मारायला लागतात, आणि हरण्याचा बोनस पाचच्या आत. म्हणजे काय होतं, की ७०व्या मिनिटाला मॅच खिशात असलेली टीमसुद्धा थांबत नाही, चौथ्या ट्रायसाठी धावत राहते. आणि बारा पॉइंटने मागे असलेली टीम जिंकायची आशा सोडूनही गप बसत नाही, एक ट्राय मारला की सातच्या आत येतो, टेबलात एक पॉइंट मिळतो. सप्टेंबरपासून मे-जूनपर्यंत जे आकडे साठतात, सरासरी किती ट्राय, सरासरी किती फरकाने जिंकले, हे सगळे त्या हावेपोटी तयार झालेले असतात. प्लेऑफला ती हावच नाही. चौथ्या ट्रायला कोणी विचारत नाही, सातने हरलात काय आणि सत्तरने हरलात काय, बॅगा भरा. तेच पंधरा खेळाडू, तेच मैदान, पण माणसाला जे हवंय तेच बदललंय. आणि भाव बनवणारा कुठल्या आकड्यांवर भाव बनवतो? त्याच सप्टेंबरपासूनच्या. त्याला अक्कल नाही असं नाही, तो पण थोडंफार वजा करतो, पण प्लेऑफच्या मॅच वर्षाला असतात किती, त्यावरून काय शिकणार तो.

हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे शनिवारच्या सरावाच्या धावेवर रविवारच्या रेसचा भाव." आणि वर, "मग तसंच असतं. नवीन काय त्यात."

हॅन्डिकॅप मात्र त्याला मी अर्धं वाक्य बोलायच्या आत कळलं. रग्बीत दोन टीममध्ये फरक मोठा असला की नुसत्या जिंकण्यावर लावून काही मिळत नाही, फेव्हरेटचा भाव दहा पैसे, शंभर लावा आणि दहा मिळवा. म्हणून बुकी फेव्हरेटच्या स्कोअरमधून कागदावरच पॉइंट कापतो, समजा साडेबारा, आणि मग दोन्ही बाजूंना साधारण नव्वद पैसे देतो. फेव्हरेट तेरा किंवा जास्तने जिंकली तरच त्यांच्यावर लावणाऱ्याला पैसे. "चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन," मामा म्हणाला, आणि ते तंतोतंत तेच आहे, फरक एवढाच की घोड्याला ते वजन जाणवतं. रग्बीच्या टीमला माहीतच नसतं की लाखो लोकांनी त्यांच्या पाठीवर साडेबारा पॉइंट ठेवलेत. मॅच संपायला दोन मिनिटं, दहाने पुढे आहेत, समोर पेनल्टी मिळाली. लावणारा ओरडतोय मार रे पोस्टात, तीन घे, तेरा होतात. लीगमध्ये कदाचित कोपऱ्यात किक मारून ट्रायला गेले असते, बोनससाठी. प्लेऑफमध्ये कॅप्टन काय करतो, शांतपणे बॉल बाहेर मारतो, घड्याळ संपवतो, मिठ्या मारायला धावतो. त्याचं बरोबर आहे. लावणारा मात्र जिंकलेल्या टीमवर लावून हरलेला असतो.

आणि हे एकाच दिशेने गेलं असतं तरी कोणीतरी ओळखलं असतं, की प्लेऑफला फरक कमी राहतो, नेहमी वजन पाठीवर असलेल्याच्या विरुद्ध लावा, झालं. पण तसंही नाही ना. हरले की घरी म्हणजे मागे पडलेली टीम शेवटची वीस मिनिटं स्वतःच्या गोललाइनवरून बॉल खेळवत बसते, काहीही फेकते, आणि अशात एक पास समोरच्याच्या हातात पडला की पुढे मोकळं रान. लीगमध्ये चौदाने हरतात त्याच टीम इथे चाळीसने हरतात. २०२४ ची फ्रान्सच्या टॉप १४ ची फायनल, टुलूझ ५९, बोर्दो ३. फायनल आहे ती! लीगमध्ये बोर्दो काय लिंबूटिंबू टीम नव्हती. आणि पुढच्याच वर्षी त्याच दोन टीम परत फायनलला, तर ऐंशी मिनिटांना ३३-३३, एक्स्ट्रा टाइममध्ये टुलूझ ३९-३३. आता ह्या दोन मॅचची सरासरी काढून दाखवा मला. २००३ ची इंग्लंडची गोष्ट तर अजून वाईट, ग्लॉस्टर टेबलात पंधरा पॉइंटने पहिले, त्या काळात पहिला नंबर डायरेक्ट फायनलला जायचा, म्हणून तीन आठवडे नुसते बसून राहिले, आणि दुसऱ्या नंबरच्या वॉस्प्सने त्यांना ३९-३ ने धुतलं. आराम हा फायदा की तोटा, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. मला विचाराल तर तीन आठवडे हा आराम नाहीच, शिक्षा आहे.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोकांना पैसे गेल्यावर कळते. रग्बीच्या मॅचवरचे बेट साधारणपणे ऐंशी मिनिटांचे असतात. एक्स्ट्रा टाइम धरत नाहीत. कप कोण उचलणार किंवा पुढे कोण जाणार यावर लावलं असेल तर वेगळं, पण साधं मॅच जिंकण्याचं बेट ऐंशी मिनिटांना संपतं. लीगमध्ये ह्याने काही फरक पडत नाही कारण तिकडे एक्स्ट्रा टाइमच नसतो, ड्रॉ म्हणजे ड्रॉ. प्लेऑफला मात्र हीच ओळ माणसाला खड्ड्यात घालते. इंग्लंडच्या लीगची २०२१ ची सेमी, ब्रिस्टल टेबलात पहिले, हार्लेक्विन्स चौथे, मॅच ब्रिस्टलच्या घरी. ब्रिस्टल २८-० ने पुढे. त्या वेळी कोणी हार्लेक्विन्सवर लावलं असेल, वेड्यासारखं, तर विचार करा काय भाव मिळाला असेल. आणि ते आले! एकेक ट्राय करत आले, ऐंशी मिनिटांना ३६-३६, एक्स्ट्रा टाइममध्ये ४३-३६. लीगच्या प्लेऑफमधल्या सगळ्यात भारी मॅचपैकी एक. आता ज्या माणसाने २८-० असताना हार्लेक्विन्स लावलं त्याला काय मिळालं? ऐंशी मिनिटांचं बेट असेल तर शून्य. पैसे गेले ड्रॉवाल्याला. हार्लेक्विन्स पुढे जाऊन फायनलही जिंकले, एक्सेटरला ४०-३८ ने, चौथ्या नंबरवरून चॅम्पियन, आणि हा बिचारा शहाणपणा बरोबर ठरून उपाशी.

मामा ह्यावर खूप वेळ हसला. मग गंभीर झाला. "बाय, मटक्यात असली लबाडी नव्हती," म्हणाला. "आकडा आला म्हंजे आला." मी म्हटलं मटक्यात काय होतं ते पण बघू ना. सिंगलला एकाचे नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जाणार, नऊ येणार, रुपया खत्रीचा. इथे हॅन्डिकॅपच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर लावले तर दोनशे जाणार, एकशेनव्वद येणार, दहा बुकीचे, म्हणजे दोनशेवर दहा, पाच टक्के. मटक्याच्या निम्मं. "अरे वा," म्हणाला, "म्हंजे हे प्रामाणिक आहेत." प्रामाणिक नाहीत मामा, स्पर्धा जास्त आहे. आणि मटक्यात निदान सगळ्यांना सारखंच काही कळत नव्हतं. इथे समोर बसलेल्याकडे आमच्यासारख्या ऑफिसातून आलेले ढीगभर कोड असतात आणि लावणाऱ्याकडे त्याची छाती.

लेन्स्टरवर येते परत, कारण तिकडे अजून एक गंमत आहे, जी लोकांना पटत नाही. लोक म्हणतात लेन्स्टर चोकर, दडपण झेपत नाही, वगैरे. असेलही. पण साधा गुणाकार करून बघा. चॅम्पियन्स कपला शेवटच्या सोळातून जिंकायला चार मॅच लागतात. समजा पहिलीला तुमची शक्यता शंभरात नव्वद, क्वार्टरला ऐंशी, सेमीला पंच्याहत्तर, फायनलला पासष्ट. चारही मॅचला तुम्हीच फेव्हरेट, भाव साधारण अकरा पैसे, पंचवीस पैसे, तेहतीस पैसे, चोपन्न पैसे. बुकी तुमच्यापुढे हात जोडतोय. आता चारही गुणले तर येतात शंभरात पस्तीस. म्हणजे प्रत्येक मॅचला फेव्हरेट असलेली टीम कप न जिंकण्याची शक्यता पासष्ट! कोणी चोक केलं नाही, कोणी घाबरलं नाही, नुसता गुणाकार. आणि तरी फायनल हरली की आमच्याच ऑफिसात म्हणणार, मी बोललो होतो ना, ह्यांच्यात दमच नाही. भाव बरोबर असतो आणि निकाल उलटा लागतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे पंटरला सांगून बघा, तो तुम्हाला चहापण पाजणार नाही.

पण सगळं गुणाकारावर ढकलून मी गप बसले असते जर २०२३ चा वर्ल्ड कप बघितला नसता. तो क्लबचा नाही, देशांचा, पण नॉकआउट म्हणजे काय हे तिथे दिसलं तसं कुठेच दिसलं नाही. २१ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी वानखेडेवर क्रिकेटच्या वर्ल्ड कपची मॅच होती, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड, आफ्रिकेने ३९९ ठोकले, क्लासेनने त्या ऑक्टोबरच्या घामट उकाड्यात १०९ मारले, नॉन-स्ट्रायकरला उभा असताना अक्षरशः वाकून श्वास घेत होता, आणि इंग्लंड १७० ला ऑलआउट. २२९ रनने. मामाने पूर्ण बघितली, शेंगदाणे खात. त्याच रात्री साडेबाराला पॅरिसमध्ये रग्बीच्या वर्ल्ड कपची सेमी, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड! मामा म्हणाला काय सांगतेस, तेच दोघं? मग दिवसा ओपन आफ्रिकेचा आला, क्लोज पण आफ्रिकेचाच. तीस-चाळीस वर्षं मटका सुटला म्हणतो, कुठे सुटलाय.

आफ्रिका फेव्हरेट होतीच, कागदावर पाठीवर चांगलं वजनही होतं. आणि इंग्लंडने काय केलं माहितीये? तेच. तीन, तीन, तीन, तीन, आणि एक ड्रॉप गोल, तो पण तीनचा. पंधरा पॉइंट, ट्राय एकही नाही. बॉल वर मारायचा, पावसात समोरच्याच्या हातून सुटू द्यायचा, पेनल्टी घ्यायची, तीन. संपायला दहा-बारा मिनिटं राहिली तेव्हा इंग्लंड १५-६. मामा खुर्चीत पुढे सरकला होता, त्याचा तो प्रश्न तोंडावर आला होता पण विचारत नव्हता, कारण आता तीन-तीनवालेच जिंकत होते. मग आफ्रिकेने स्क्रमवर स्क्रम, म्हणजे खांद्याला खांदा लावून ढकलाढकली, दाबले, स्नायमनने ट्राय मारला, पोलार्डने कन्व्हर्जन, १५-१३, आणि मग ७७व्या मिनिटाच्या आसपास पोलार्डची जवळजवळ पन्नास मीटरवरून पेनल्टी. १६-१५. त्याआधीच्या आठवड्यात क्वार्टरला फ्रान्सला २९-२८ ने हरवलेलं, त्यात कोल्बीने पळत येऊन फ्रान्सचं एक कन्व्हर्जन हाताने अडवलं होतं, ते दोन पॉइंट गेले आणि मॅच एका पॉइंटने. आणि पुढच्या आठवड्यात फायनल, न्यूझीलंडविरुद्ध, १२-११. तीन नॉकआउट मॅच, तिन्ही एकेका पॉइंटने, वर्ल्ड कप घरी. त्या फायनलला आफ्रिकेचे बाराच्या बारा पॉइंट पेनल्टीचे होते. चार किका. न्यूझीलंडने ट्राय मारला, त्याचं कन्व्हर्जन चुकलं, त्यांच्या कॅप्टनला रेड कार्ड मिळालं, पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलंवहिलं.

म्हणजे २०२२ ला तीन घेत बसलेली टीम हरली आणि २०२३ ला तीन घेत बसलेली टीम विश्वविजेती झाली. मामाच्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं मग? मला वाटतं ते तीन पॉइंट रग्बीत दोन कामं करतात. लीगमध्ये ते फक्त पॉइंट असतात. प्लेऑफला ते कॅप्टनची भीती पण असतात आणि समोरच्याला भीती घालायचं हत्यार पण, आणि यातलं कुठलं हे त्या कॅप्टनलासुद्धा मॅच संपल्याशिवाय कळत नसेल. आमच्याकडे त्याला एकच कोड आहे. पेनल्टी, पोस्टात, यशस्वी. पुढे काही नाही. मी कितीतरी वेळा तो कोड दाबलाय आणि दाबताना वाटलंय की ही तीच किक नाहीये, नोव्हेंबरमधली आणि जूनमधली एक नाहीये, पण सॉफ्टवेअरला तो रकानाच नाही.

ऑफिसबाहेर लोकांना वाटतं हिला आतलं काहीतरी माहीत असतं. सोसायटीतला एक मुलगा लिफ्टमध्ये गाठायचा, ताई रग्बीत कोणाचं लावू, त्याच्याकडे कुठलंतरी अ‍ॅप होतं, क्रिकेट नसलेल्या दिवसांत जे असेल त्यावर लावायचा, टेबल टेनिस, रशियन का कुठलं बास्केटबॉल, मग रग्बी. त्याला एकही टीम माहीत नव्हती. मी त्याला ऐंशी मिनिटांचं सांगितलं, गुणाकाराचं सांगितलं, तर म्हणाला ते ठीक आहे ताई पण आज कोण येईल ते सांगा ना. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केला, पैसे लावून ऑनलाइन खेळायचे गेम बंद, स्किल असो की नशीब, बँकांनी पण तिकडे पैसे पाठवायचे नाहीत. त्याचं अ‍ॅप बंद झालं, दुसरं कुठलं चालू झालं का ते मी विचारत नाही. त्याआधीही मुंबईत हे कायदेशीर होतं अशातला भाग नाही, जुगाराचा इथला कायदा १८८७ चा आहे, आणि त्याच्याही आधीच्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्टच्या कायद्यात लिहिलंय की पैजेचा करार कोर्टात चालत नाही, म्हणजे बुकीने पैसे बुडवले तर न्यायाधीशाकडे जाऊन रडता येत नाही. घोड्यांना तेवढी सूट. मामा हे छाती फुगवून सांगतो, सुप्रीम कोर्टाने १९९६ ला सांगितलंय, रेस म्हणजे स्किल, जुगार नाही. आई आतून ओरडते, मग ते स्किल वापरून एक तरी खोली घेऊन दाखवायची होतीस. ह्यावर त्याच्याकडे उत्तर नसतं, तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

२०२५ च्या जूनमध्ये तर मामाची पार दांडी उडाली. न्यूझीलंडकडच्या सुपर रग्बीचे प्लेऑफ, आपल्याकडे दुपारी जेवायच्या वेळेला येतात, त्यामुळे तो आवडीने बघतो. चीफ्स टेबलात पहिले. पहिल्या फेरीला समोर सहाव्या नंबरचे ब्लूज, मॅच चीफ्सच्या घरी, आणि चीफ्स हरले, १९-२०, एका पॉइंटने. मामा उठला, हात धुवायला गेला, आला तर मी सांगितलं की मामा ते बाहेर नाही गेले, पुढच्या आठवड्यात सेमी खेळणार आहेत. "हरून?" हो, त्या वर्षी नियमच तसा, सहा टीम, तीन मॅच, तीन जिंकलेले पुढे आणि हरलेल्यांत जो टेबलात सगळ्यात वर तो पण पुढे. "मग ते नॉकआउट कसलं? तो तर क्लोजमध्ये आकडा बदलला!" मला स्वतःला तो नियम बिलकुल आवडला नाही, पण त्यात एक कलम फार चलाख होतं. हरून पुढे गेलात तर एक नंबर खाली उतरायचं. चीफ्स पहिल्याचे दुसरे झाले. सेमीला ब्रम्बीजना आरामात हरवलं, फायनलला पोचले, पण आता फायनल त्यांच्या घरी हॅमिल्टनला नाही, पहिल्या नंबरवर सरकलेल्या क्रुसेडर्सच्या घरी, ख्राइस्टचर्चला. तो एक पॉइंट मॅचमध्ये त्यांना बाहेर काढू शकला नाही, पण मैदान घेऊन गेला.

आणि क्रुसेडर्सच्या घरी म्हणजे काय हे कोड भरणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. सुपर रग्बी सुरू झाल्यापासून घरच्या मैदानावर ते प्लेऑफची एकही मॅच हरलेले नव्हते. एकही. जिथे एका पॉइंटने वर्ल्ड कप ठरतात तिथे हे असं. मी आत्ता इतका वेळ जे सगळं सांगत बसलेय, गुणाकार आणि भीती आणि हाव, ते सगळं ह्या एका आकड्यापुढे जरा येड्यासारखं वाटतं. फायनलला पण तेच, १६-१२, क्रुसेडर्स.

मामाने मॅचआधी विचारलं होतं, "इतकी वर्षं घरी हरले नाहीत, मग समोरच्यावर पैसे लावतं कोण?"

म्हटलं लावतात, भरपूर लावतात.

"पण का?"

भाव चांगला मिळतो म्हणून.

त्याने भातावर आमटी घेतली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "किती मिळतोय?"

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कशाचा भाव. मी म्हटलं बटाट्याचा.